वाढली का, एवढेच पाहायचे
(प्रस्तावना)

कानाच्या नसेवर गाठ आहे असे कळले की माणसाला पहिला प्रश्न पडतो तो कॅन्सरचा. तो लवकर मिटतो, कारण ही गाठ कॅन्सरची नसते, शरीरभर पसरत नाही आणि पुष्कळदा वर्षानुवर्षे आहे तेवढीच राहते. दुसरा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या एमआरआयच्या वेळी डोके वर काढतो. दर वर्षी हातात सुई टोचून कॉन्ट्रास्टचे, म्हणजे गाठ चित्रात उजळवणारे, औषध घ्यायलाच हवे का? हा प्रश्न लोक दबकत विचारतात, जणू आपण डॉक्टरांच्या कामात नाक खुपसतो आहोत. उत्तरही बहुधा गुळमुळीत मिळते: 'देऊन टाकू, चित्र स्पष्ट येते.' ही पुस्तिका त्या दुसऱ्या प्रश्नासाठी लिहिली आहे.

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. गाठ कोणती हे एकदा पक्के ठरले असेल, ती लहान किंवा मध्यम असेल आणि तिच्यावर अजून कसलाही उपचार झालेला नसेल, तर पुढच्या देखरेखीला कॉन्ट्रास्टशिवायचा एमआरआय पुरतो. मात्र तो नीट काढलेला हवा. या 'मात्र'मध्येच पुस्तिकेची निम्मी पाने खर्ची पडली आहेत.

ही गाठ नेमकी असते कुठे? कानाच्या आतल्या बाजूला, कवटीच्या तळाशी, शरीरातल्या अत्यंत टणक हाडांपैकी एका हाडात जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा एक बोगदा आहे. त्यातून चार नसा जातात. एक चेहऱ्याची, एक ऐकण्याची आणि दोन तोलाच्या. बोगदा मेंदूभोवतीच्या पाण्याने भरलेला असतो आणि आतल्या टोकाला तो लहान मेंदू व मेंदूस्तंभ यांच्यामधल्या एका कोपऱ्यात उघडतो. या नसांवर श्वान पेशींचे आवरण असते. तोलाच्या नसेवरच्या त्या आवरणात एखादी पेशी वाढीचा ताबा हरवून बसते आणि गाठ तयार होते. डॉक्टरी नाव व्हेस्टिब्युलर श्वानोमा. जुन्या केसपेपरांवर तिलाच अकूस्टिक न्यूरोमा म्हटलेले सापडेल.

गंमत अशी की गाठ तोलाच्या नसेवर आणि तक्रार ऐकण्याची. तोलाची नस इतकी सावकाश निकामी होते की मेंदू आणि दुसरा कान मिळून ते सांभाळून घेतात. चक्कर अशी क्वचितच येते. ऐकण्याची नस शेजारीच दाटीत असल्याने तिच्यावर परिणाम होतो. फोन एका कानाला लावला तर शब्द कळत नाहीत, दुसऱ्याला लावला की कळतात. एकाच कानात शिटी किंवा घूं असा आवाज येत राहतो. काहींचा कान तर एका रात्रीत बसतो. वयामुळे येणारे बहिरेपण दोन्ही कानांना साधारण सारखे येते, म्हणून एकाच कानाचे ऐकणे कमी झाले की कानाच्या डॉक्टरांनी सावध व्हायचे असते. ब्रिटनच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत तर आकडाच दिला आहे: ऑडिओग्रामवर शेजारच्या दोन फ्रिक्वेन्सींना दोन कानांत 15 डेसिबल किंवा अधिक फरक दिसला, तर एमआरआयचा विचार करा.

ही इतकी लहानशी गोष्ट दिसू लागली तीच अगदी अलीकडे. लायडनच्या सान्डिफोर्टने 1777 मध्ये शवविच्छेदनात अशी गाठ पाहून तिचे वर्णन केले. हार्वी कुशिंगने 1917 मध्ये या गाठींवर मोठा ग्रंथ लिहिला तेव्हा त्याच्याकडे येणारे रुग्ण मेंदूवर दाब आल्याने डोकेदुखी, उलट्या आणि अंधुक दृष्टी घेऊन येत. गाठ काढायची की माणूस वाचवायचा, असाच तो काळ होता. 1960 च्या दशकात लॉस एंजेलिसच्या विल्यम हाऊसने सूक्ष्मदर्शक लावून कानातूनच वाट काढली आणि स्टॉकहोममध्ये लेक्सेलने 1969 साली अशा गाठीवर प्रथमच गॅमा नाइफने किरणांचा झोत सोडला. तरीही बोगद्यातली लहान गाठ दिसण्याची मारामार होती. सीटी स्कॅन आल्यावरही ती दिसावी म्हणून पाठीच्या कण्यातून हवा सोडत, रुग्णाला कुशीवर झोपवून ती हवा कानाच्या बाजूला चढवत आणि मग चित्र काढत. त्यानंतरच्या डोकेदुखीबद्दल न बोललेलेच बरे.

म्हणून कॉन्ट्रास्टला नावे ठेवण्याआधी त्याचे ऋण मान्य करायला हवे. 1988 साली अमेरिकेत गॅडोलिनियमच्या पहिल्या कॉन्ट्रास्ट इंजेक्शनला मान्यता मिळाली आणि चित्रच पालटले. गॅडोलिनियम हा दुर्मिळ मृदा गटातला धातू आहे. त्याच्या आयनात सात एकटे इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांच्यामुळे आसपासच्या पाण्याचा चुंबकीय प्रतिसाद झपाट्याने बदलतो. या गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात. औषध तिथे झिरपते आणि गाठ काळ्या पार्श्वभूमीवर पांढरीशुभ्र उजळते. दोन-तीन मिलिमीटरची गाठसुद्धा लपत नाही. शिकाऊ डॉक्टरलाही ओळखता यावी इतकी ती स्पष्ट दिसते, आणि पुढची सगळी सवय इथूनच लागली.

गाठी लहान असताना सापडू लागल्या तशी वैद्यकाला एक नवी अडचण आली. डोकेदुखीसाठी किंवा भलत्याच कारणासाठी केलेल्या एमआरआयमध्ये सत्तरीतल्या माणसाच्या कानामागे सहा मिलिमीटरची गाठ दिसते. तिचे करायचे काय? उत्तर डेन्मार्कमधून आले. तिथे देशभरातल्या अशा रुग्णांची नोंद एकत्र ठेवलेली होती. स्टांगेरूप आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये 552 जणांची हकीकत मांडली, ज्यांच्या गाठींना हात न लावता नुसते लक्ष ठेवले होते. बोगद्याच्या आतच असलेल्या गाठींपैकी 17 टक्के वाढल्या. बोगद्याबाहेर डोकावलेल्यांपैकी सुमारे 29 टक्के. ज्या वाढल्या त्या पहिल्या पाच वर्षांतच. म्हणजे बहुसंख्य गाठी स्वस्थ बसून होत्या आणि थोड्या तर आपोआप आक्रसतातही.

पुढे नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये 100 रुग्णांवर रीतसर चिठ्ठ्या टाकून प्रयोग झाला: निम्म्यांना लगेच गॅमा नाइफ, निम्म्यांना नुसती देखरेख. निष्कर्ष 2023 मध्ये छापून आले. चार वर्षांनी किरण दिलेल्यांच्या गाठी आकाराने नक्कीच लहान होत्या. पण ऐकणे, तोल, रोजचे जगणे यांत दोन गटांत सांगण्यासारखा फरक नव्हता, आणि देखरेखीतल्या निम्म्याहून अधिक जणांना, नेमके सांगायचे तर 56 टक्क्यांना, तोवर कुठलाच उपचार लागला नव्हता. गाठ वाढली की किरण द्यायचे, तोवर थांबायचे. हा आळस नाही, तो उपचारांतलाच एक पर्याय आहे, आणि तो एमआरआयवर उभा आहे.

किती एमआरआय? साधारण रिवाज असा: निदानानंतर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने एक, मग पाच वर्षे दर वर्षी, गाठ स्थिर राहिली तर पुढे अंतर वाढवत न्यायचे. पन्नाशीत निदान झालेल्या माणसाचे आयुष्यभरात सहज दहा-बारा स्कॅन होतात. ज्यांना जनुकीय दोषामुळे दोन्ही कानांत अशा गाठी होतात, त्यांना हे कोवळ्या वयातच सुरू होते आणि थांबत नाही. अशा माणसाला प्रत्येक वेळी गॅडोलिनियम द्यायचे का, हा प्रश्न मग क्षुल्लक राहत नाही.

गॅडोलिनियमच्या धोक्याबद्दल व्हॉट्सॲपवर बरेच काही फिरते, म्हणून थोडे थांबून सांगतो. मोकळा गॅडोलिनियम विषारी असतो, पण इंजेक्शनात तो रासायनिक पिंजऱ्यात बंद करून दिलेला असतो आणि चांगल्या मूत्रपिंडांतून तो लवकर बाहेर पडतो. 2006 मध्ये लक्षात आले की मूत्रपिंडे निकामी झालेल्या काही रुग्णांची कातडी आणि सांधे हे औषध दिल्यानंतर कडक होत जातात. हा आजार भयंकर होता. पण अशा रुग्णांना जुनी औषधे देणे थांबवल्यावर तो जवळपास नाहीसा झाला. आज इंजेक्शनाआधी क्रिएटिनीनचा रिपोर्ट मागतात तो याचसाठी. 2014 साली जपानच्या कांदा आणि सहकाऱ्यांनी दाखवले की अनेकदा कॉन्ट्रास्ट घेतलेल्यांच्या मेंदूतल्या काही ठरावीक केंद्रांत गॅडोलिनियमची खूण मागे राहते. लांब साखळीच्या म्हणजे लिनिअर औषधांत हे अधिक, बंद कड्याच्या म्हणजे मॅक्रोसायक्लिक औषधांत पुष्कळ कमी. युरोपने 2017 मध्ये बऱ्याच लिनिअर औषधांचा शिरेतून वापर थांबवला. अमेरिकेने इशारा छापायला लावला, पण मूत्रपिंडे चांगली असलेल्यांना मेंदूतल्या या अंशामुळे इजा झाल्याचे दिसलेले नाही, हेही सोबत सांगितले.

तेव्हा ज्यांनी आजवर पाच-सात वेळा इंजेक्शन घेतले असेल त्यांनी घाबरून जाण्याचे काही कारण नाही. माझा आक्षेप विषाचा नाहीच. एखादे औषध बिनधोक असले तरी ते देण्याला कारण लागते. गाठ आहे हे माहीत आहे, ती कोणती हे माहीत आहे, फक्त ती वाढली का एवढेच पाहायचे आहे. तिथे उजळवून आपण नवे काय शोधणार? सुई, रक्ततपासणी, वाढीव बिल, क्वचित येणारी ॲलर्जी, मशीनमध्ये वाढणारा वेळ, एवढे सगळे जुन्या सवयीपोटी. शिवाय हे औषध लघवीवाटे सांडपाण्यात जाते आणि सांडपाण्याच्या प्रकल्पांत ते अडत नाही. जर्मनीतल्या नद्यांत त्याचा माग 1996 पासून लागलेला आहे. हा मुद्दा रुग्णाच्या डोक्यावर टाकण्याचा नाही, पण आम्हा डॉक्टरांच्या डोक्यात असायला हरकत नाही.

मग कॉन्ट्रास्टशिवाय गाठ दिसते कशी? इथे मुद्दा गाठीचा नसून पाण्याचा आहे. एमआरआयमध्ये चित्र काढण्याच्या अनेक पद्धती असतात, आम्ही त्यांना सीक्वेन्स म्हणतो. त्यांतल्या काही अशा आहेत की साचलेले पाणी लख्ख पांढरे येते आणि बाकी सारे काळे-करडे. बोगदा पाण्याने भरलेलाच आहे. त्यामुळे त्या पांढऱ्या पाण्यातून चार नसा चार काळ्या रेघांसारख्या जाताना दिसतात आणि गाठ असली तर ती स्वच्छ पाण्याच्या तळाशी पडलेल्या दगडासारखी दिसते. दगड दिसायला दगडाला रंग द्यावा लागत नाही, पाणी नितळ असले की झाले. सीमेन्सच्या मशीनवर या सीक्वेन्सला सिस म्हणतात, जीईच्या मशीनवर फिएस्टा, फिलिप्सच्या मशीनवर ड्राइव्ह. नावे वेगळी, तत्त्वे थोडी वेगळी, हेतू एकच.

शिवाय या चित्रांत एक गोष्ट अशी मिळते जी कॉन्ट्रास्टच्या नेहमीच्या चित्रांत मिळत नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत मोलाची. काप फार पातळ असतात, अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचे. कॉन्ट्रास्टचे जुन्या धर्तीचे काप तीन मिलिमीटर जाडीचे. पाच मिलिमीटरची गाठ अशा जाड कापांत एक-दोनदाच भेटते. एका वर्षी काप तिच्या मधून जातो, दुसऱ्या वर्षी कडेने, आणि रिपोर्टवर गाठ लहान-मोठी होत राहते. रुग्णाची झोप उडते ती अशा 'वाढी'ने. पातळ कापांत हा खेळ चालत नाही. शिवाय गाठ आणि बोगद्याचे टोक यांच्यामध्ये पाण्याचा थेंब उरला आहे की नाही, हेही त्यांत दिसते. पुढे कधी ऑपरेशन करायची वेळ आली, तर ऐकणे वाचवता येईल का याचा अंदाज बांधताना सर्जन तो थेंब शोधतात.

मोजण्याबद्दल पुस्तिकेत एक संपूर्ण प्रकरण आहे, इथे दोनच गोष्टी. एक मिलिमीटरचा फरक हा मोजण्यातला फरक समजावा. दोन मिलिमीटरपेक्षा अधिक वाढ दिसली तर ती बहुतेक ठिकाणी खरी वाढ धरतात. आणि तुलना फक्त मागच्या वर्षाच्या स्कॅनशी करून भागत नाही. दर वर्षी पाऊण मिलिमीटर वाढणारी गाठ मागच्या वर्षाशी ताडून पाहिली तर दर वर्षी 'स्थिर' ठरेल आणि पाच वर्षांत जवळपास चार मिलिमीटर वाढून बसेल. तुलना पहिल्या स्कॅनशी व्हायला हवी. आमच्या शाखेत हे सर्वांना ठाऊक आहे आणि गर्दीच्या दिवशी ते सर्वांत आधी सुटते.

आता कॉन्ट्रास्ट कुठे लागतोच ते. पहिल्या निदानाच्या वेळी बहुधा लागतो, कारण तेव्हा प्रश्न 'काय आहे' हा असतो. त्या कोपऱ्यात मेंदूच्या आवरणाची गाठ, चेहऱ्याच्या नसेची गाठ, सूज, क्वचित दुसरीकडच्या कॅन्सरचा अंश, असे बरेच काही असू शकते, आणि पाण्याच्या चित्रात यांतले पुष्कळसे सारखेच दिसते. कानाच्या आत, शंखाच्या पोकळीत अगदी लहान गाठ असल्याचा संशय असेल तर कॉन्ट्रास्ट घ्यावा. गाठ मोठी होऊन मेंदूस्तंभाला टेकली असेल तर मधले पाणी संपलेले असते. करड्यावर करडे, मग कड ओळखायची कशी? तिथे उजळवणे भाग आहे. ऑपरेशननंतर मागे उरलेला तुकडा आणि जखमेचा वण वेगळे करायला, तसेच किरण दिल्यावर गाठीच्या गाभ्यात काय घडते आहे ते पाहायलाही त्याची गरज पडते. किरणांनंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत गाठ फुगू शकते आणि मग ओसरते, हे ठाऊक नसले तर विनाकारण धावपळ होते. दोन्ही कानांत गाठी असणाऱ्यांच्या मेंदूत आणि कण्यात इतरत्रही गाठी होतात. त्यांचे वेळापत्रक निराळेच असते. आणि साध्या देखरेखीत गाठ अचानक वाढलेली किंवा तिचा आकार बदललेला दिसला, तर त्याच वेळी नाहीतर लगेच नंतर कॉन्ट्रास्ट देऊन पुन्हा पाहावे. कॉन्ट्रास्ट नको असा हट्ट धरणे ही दुसऱ्या टोकाची सवय झाली.

आपल्याकडची परिस्थिती थोडी वेगळी आहे, ती लपवून उपयोग नाही. भारतात अशा गाठी अजूनही पुष्कळदा मोठ्या होऊनच सर्जनपर्यंत पोहोचतात, कारण एका कानाने कमी ऐकू येणे याला आपण आजार मानत नाही. पण शहरांत आणि जिल्ह्याच्या गावांत आता दीड टेस्लाची मशीन आली आहेत, कानाचे डॉक्टर लवकर स्कॅन सांगतात आणि देखरेखीतले रुग्ण वाढत चालले आहेत. ते दर वर्षी वेगळ्या सेंटरवर जातात. जिथे सूट मिळेल तिथे, जिथे नंबर लागेल तिथे. एका वर्षी सिस, एका वर्षी नुसता ब्रेनचा साधा स्कॅन, एका वर्षी कॉन्ट्रास्ट. यांची तुलना करायला बसले की डोके धरायची पाळी येते. उघड्या, कमी ताकदीच्या मशीनवर तर हे पातळ काप नीट निघतच नाहीत. बंद जागेची भीती वाटते म्हणून तिथे जाणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. चिठ्ठीवर नुसते 'एमआरआय ब्रेन' लिहिणाऱ्या डॉक्टरांचाही यात वाटा आहे. 'अमुक बाजूच्या श्वानोमाची देखरेख, कॉन्ट्रास्टशिवाय, पातळ कापांचा पाण्याचा सीक्वेन्स, जुन्या स्कॅनशी तुलना' एवढे चिठ्ठीवर आले तर टेक्निशियनपासून रिपोर्ट लिहिणाऱ्यापर्यंत सर्वांचे काम सोपे होते.

आणि एमआरआय म्हणजे सारी देखरेख नव्हे. गाठ तसूभर न वाढताही कान हळूहळू बसत जाऊ शकतो, म्हणून ऑडिओग्राम दर वर्षी हवाच. पुस्तिकेत त्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. तोल सावरण्याचे व्यायाम, श्रवणयंत्र आणि एका कानाने जगण्याच्या युक्त्या यांसाठीही. ज्यांच्या गाठीवर उपचार ठरला आहे त्यांनी शेवटची दोन प्रकरणे आधी वाचावीत, मधली वगळली तरी चालतील.

वाचकांना एक विनंती. पहिल्या एमआरआयची सीडी जपून ठेवा. फिल्म नव्हे, सीडी. आणि तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर किंवा मुलाबाळांच्या संगणकावर. रिपोर्टचा कागद हरवला तर चालेल, गाठ त्यातल्या आकड्यावरून नव्हे तर चित्रावरून पुन्हा मोजता येते. पुढच्या वेळी जाताना ती सोबत न्या, शक्य तो त्याच सेंटरवर जा, आणि टेबलावर झोपण्याआधी विचारा की आज इंजेक्शन कशासाठी आहे. कारण सांगितले गेले तर अवश्य घ्या.